रोव्हरची पुढची गाडी

पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडण्याच्या हद्दीत शिरणाऱ्या किंवा मोपाच्या विमानतळावरून बाहेर पडणाऱ्या गाड्यांमध्ये आता दोन नावे वरचेवर दिसतात. एक रेंज रोव्हर, दुसरे एमजी. पहिलीचा मालक टाटा समूह, म्हणजे मुंबई. दुसरीच्या नावाचा मालक शांघायचा एसएआयसी समूह. दोन्ही नावे मूळची इंग्लंडची आणि एकेकाळी एकाच कंपनीच्या छताखाली नांदलेली. त्या कंपनीचे शेवटचे नाव होते एमजी रोव्हर. एप्रिल २००५ मध्ये ती बुडाली. बुडण्याआधी तिने विकायला काढलेली शेवटची नवी गाडी पुण्याजवळ पिंपरीत तयार होत होती. रोव्हरची कथा मराठी वाचकाने नीट समजून घ्यावी असे मला वाटते, ते या शेवटच्या गाडीमुळे.

सुरुवात मोटारीने झालीच नाही. कॉव्हेंट्री हे तेव्हा शिवणयंत्रे आणि सायकली बनवणाऱ्यांचे शहर होते. तिथल्या जॉन केम्प स्टार्ली या कारागिराने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. तोवरच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येई आणि पडले की हातपाय मोडत. स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारख्या मापाची केली आणि साखळीने मागचे चाक फिरवले. आज आपण ज्याला सायकल म्हणतो तिचा आराखडा तिथे पक्का झाला. स्टार्ली १९०१ मध्ये वारला. त्याच्या कंपनीची पहिली मोटार १९०४ मध्ये आली, आठ अश्वशक्तीची.

पुढची तीस वर्षे कंपनी मध्यम चालली. १९२९ मध्ये स्पेन्सर विल्क्स कंपनीच्या व्यवस्थापनात आला आणि त्याने एक निर्णय घेतला: थोड्या गाड्या काढायच्या, पण चांगल्या. डॉक्टर, वकील, बँकेचे अधिकारी हे रोव्हरचे गिऱ्हाईक झाले. गाडी भपकेबाज नसे. आतले लाकूड आणि कातडे मात्र अस्सल असे, आणि दार मिटल्याचा आवाजही भरीव येई.

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडले. सरकारी पैशातून सॉलिहलला जो युद्धकाळचा कारखाना उभा राहिला होता तो युद्धानंतर रोव्हरने घेतला. पण गाड्या बनवायला पोलाद मिळेना. सरकारचा नियम असा होता की जो निर्यात करील त्याला पोलाद. स्पेन्सरचा भाऊ मॉरिस विल्क्स हा कंपनीचा मुख्य अभियंता. त्याची वेल्समधील अँगल्सी बेटावर शेतजमीन होती आणि तिथे तो युद्धातली जुनी अमेरिकी जीप वापरत असे. तशीच, शेतकऱ्याला चालेल अशी गाडी आपण का करू नये, असा विचार त्याने केला. पोलाद कमी म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. साचे करायला पैसा आणि वेळ नव्हता, म्हणून पत्रा शक्यतो सपाट ठेवला, हाताने वाकवता येईल इतकाच. रंग लष्कराच्या शिल्लक साठ्यातला हिरवा. एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. दोन-तीन वर्षे निभावून नेण्यापुरती काढलेली ही गाडी काही काळातच रोव्हरच्या मोटारींपेक्षा जास्त खपू लागली.

इथवर ही वाढणाऱ्या कंपनीची गोष्ट आहे, आणि तिच्यात एक सूत्र दिसते. पैसा आला की तो पुढच्या गाडीत जाई. लँड रोव्हरच्या कमाईवर रोव्हरने १९६३ मध्ये पी ६ ही मोटार काढली. तिचा सांगाडा आधी बांधून मग त्यावर पत्रे बोल्टने जोडत. मागच्या चाकांची रचना नवी होती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. युरोपातल्या पत्रकारांनी ‘वर्षातील सर्वोत्तम मोटार’ हा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान तिला मिळाला, १९६४ चा. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली. एका लहानशा कंपनीने सात वर्षांत अशा दोन गाड्या द्याव्यात, हे कर्तृत्व फार मोठे आहे.

पण रेंज रोव्हर बाजारात आली तेव्हा रोव्हर स्वतंत्र राहिली नव्हती. १९६७ मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडने तिला विकत घेतले. हीच ती लेलँड, जिच्या नावाचा अर्धा भाग मद्रासच्या अशोक लेलँडमध्ये आहे. १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या आग्रहाने लेलँड आणि ब्रिटिश मोटर होल्डिंग्ज एकत्र आल्या आणि ब्रिटिश लेलँड तयार झाली. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, जॅग्वार, ट्रायम्फ, रोव्हर, सगळे एका दावणीला.

यातल्या मॉरिसची ओळख गोमंतकीयांना वेगळी करून द्यायला नको. मॉरिस ऑक्सफर्ड ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून अँबॅसडर म्हणून काढली. मुक्तीपूर्वी गोव्यात परदेशी गाड्या थेट येत. सीमेपलीकडे भारतात मात्र आयात जवळजवळ बंद होती. १९६१ नंतर गोवाही त्याच परवाना व्यवस्थेत आला आणि इथल्या रस्त्यांवर अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड या तीनच गाड्यांचे राज्य सुरू झाले. त्यातल्या दोन इंग्लंडच्या नमुन्यावर बेतलेल्या. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकातच बंद झालेला तो ऑक्सफर्डचा नमुना हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत राहिला. टॅक्सी म्हणून, सरकारी गाडी म्हणून अँबॅसडरने केलेल्या सेवेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण तिच्या मालकांनी पुढची गाडी घडवली नाही, हेही तितकेच खरे.

ब्रिटिश लेलँडकडे जन्माच्या वेळी ब्रिटनच्या बाजारातला सुमारे ४० टक्के हिस्सा होता. मग बिघडले कुठे? साधारणपणे दोष कामगारांवर टाकला जातो. संप होत होते, यात शंका नाही. बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यातील कामगार नेता डेरेक रॉबिन्सन याला वृत्तपत्रांनी ‘रेड रॉबो’ केले आणि १९७९ मध्ये व्यवस्थापनाने त्याला काढून टाकले. गाड्यांचा दर्जाही घसरला होता. पण मूळ दुखणे हिशेबाचे होते. १९५९ मध्ये आलेली मिनी ही अलेक इसिगोनिसची अलौकिक गाडी. फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी विकत घेऊन सुटी केली, एकेका भागाची किंमत मांडली आणि निष्कर्ष काढला की या किमतीला ही गाडी विकणारा प्रत्येक गाडीमागे तोटा सोसत असणार. खप प्रचंड आणि गाठीला काही नाही, अशी अवस्था. त्यात एकाच समूहाच्या कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या गाड्या काढत. ट्रायम्फची दोन लिटरची मोटार रोव्हरच्या दोन लिटरच्या मोटारीचे गिऱ्हाईक खाई. लँड रोव्हरचा नफा सॉलिहलमध्ये राहत नसे, दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा खड्डा बुजवायला जाई. १९७५ मध्ये तिजोरी रिकामी झाली आणि सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली.

या पडत्या काळातही रोव्हरच्या अभियंत्यांनी १९७६ मध्ये एसडी १ ही देखणी गाडी दिली आणि १९७७ चा युरोपातला पुरस्कार पुन्हा जिंकला. हिचा उत्तरार्ध भारतात घडला. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९८५ च्या सुमारास तोच बाह्याकार घेऊन ‘स्टँडर्ड २०००’ ही गाडी काढली. वरून रोव्हर, पण बॉनेटखाली जुन्या व्हॅनगार्ड मोटारीच्या वंशातले दोन लिटरचे इंजिन. किंमत श्रीमंतांची, ताकद बेताची, पेट्रोलचा खर्च भारी. मारुती नुकतीच रस्त्यावर आली होती आणि गिऱ्हाइकाला फरक कळत होता. १९८८ पर्यंत ती गाडी संपली आणि तिच्याबरोबर स्टँडर्डचा कारखानाही. सुंदर कवचात जुने यंत्र घालून पुढची गाडी होत नाही, हा धडा मद्रासमध्ये असा लिहिला गेला. पंधरा वर्षांनी बर्मिंगहॅमला तो गिरवावा लागला.

दरम्यान इंग्लंडमध्ये मालक बदलत राहिले. १९७९ मध्ये जपानच्या होंडा कंपनीशी करार झाला आणि रोव्हरला पहिल्यांदा कळले की नवी गाडी ठरल्या वेळेत, ठरल्या खर्चात कशी काढतात. १९८६ मध्ये समूहाचे नाव रोव्हर ग्रुप झाले. १९८८ मध्ये थॅचर सरकारने तो ब्रिटिश एरोस्पेसला १५ कोटी पौंडांना विकला. विमाने बनवणाऱ्या त्या कंपनीला मोटारींत रस नव्हता. तिने १९९४ मध्ये रोव्हर जर्मनीच्या बीएमडब्ल्यूला ८० कोटी पौंडांना विकून टाकली. पंधरा वर्षे हाताला धरून शिकवणाऱ्या होंडाला हा धक्का होता. बीएमडब्ल्यूचे प्रमुख बर्न्ड पिशेट्सरीडर हे इसिगोनिसच्या नात्यातले आणि त्यांचे ब्रिटिश गाड्यांवर मनापासून प्रेम होते. त्यांनी रोव्हर ७५ ही उत्तम मोटार करवून घेतली. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात तिचे अनावरण झाले, आणि त्याच दिवशी त्यांनी पत्रकारांसमोर लाँगब्रिजच्या संकटाबद्दल उघड बोलून दाखवले. नव्या गाडीची बातमी मागे पडली. चार महिन्यांत पिशेट्सरीडर यांची खुर्ची गेली.

२००० मध्ये बीएमडब्ल्यूने समूहाचे तुकडे केले. मिनी स्वतःकडे ठेवली. लँड रोव्हर फोर्डला विकली. उरलेली रोव्हर आणि एमजी, लाँगब्रिजच्या कारखान्यासह, जॉन टॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘फिनिक्स’ गटाला दिली. किंमत दहा पौंड. वर बीएमडब्ल्यूने ४२ कोटी ७० लाख पौंडांचे कर्जही दिले. कामगारांनी फिनिक्सच्या लोकांचे वाजतगाजत स्वागत केले, कारण दुसरा गिऱ्हाईक कारखाना जवळजवळ बंदच करणार होता.

आता या कंपनीकडे काय होते? रोव्हर ७५ नवी. बाकीच्या दोन मोटारी १९९० च्या दशकाच्या मध्यातल्या, त्यातली एक मुळात होंडाच्या नमुन्यावरची. पूर्ण नवी गाडी घडवायला जेवढा पैसा लागतो तेवढा नव्हता. भागीदार शोधण्यात वर्षे गेली. लहान गाडीची जागा तर साफ रिकामी होती. म्हणून कंपनीने पुण्याकडे पाहिले.

पुण्यात तोवर काय घडले होते, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि मला इथे मुद्दाम थांबायचे आहे. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना १९६६ मध्ये सुरू झाला, पण त्यातून पहिले वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षे टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी यंत्रे बनवणारी यंत्रे, साचे आणि माणसे घडवण्यात घातली. दहावी-अकरावी शिकलेली मुले उमेदवार म्हणून घेतली आणि त्यांना टूलरूममध्ये तयार केले. संशोधन केंद्रही त्याच काळात उभारले. वाहन काढण्याआधी एवढा पैसा गुंतवणे अनेकांना वेडेपणा वाटला असेल. पण साचा ज्याच्या हातात असतो तोच पुढचा नमुना काढू शकतो. मुळगावकर १९८९ मध्ये गेले. त्याच वर्षी टेल्कोतला कामगार संघर्ष टोकाला पोहोचला आणि शनिवारवाड्यावर हजारो कामगारांनी उपोषण केले. म्हणजे संप आणि कटुता पुण्यानेही पाहिली. लाँगब्रिज आणि पिंपरी यांतला फरक संपांच्या संख्येत शोधू नये. पिंपरीत पुढच्या गाडीसाठी लागणारी टूलरूम आणि पैसा यांना कोणी हात लावला नाही.

ती पुढची गाडी म्हणजे इंडिका. बाह्यरूप इटलीतल्या आयडिया या संस्थेने रेखले. उत्पादनाची रांग ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद कारखान्यातून सुटी करून जहाजाने आणली. १९९८ च्या शेवटी विक्री सुरू झाली. पहिल्या गाड्यांत दोष निघाले, तक्रारी आल्या, कंपनीला २०००-०१ या वर्षात सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. मोटारींचा व्यवसाय फोर्डला विकून टाकावा, असाही विचार झाला. रतन टाटा त्यासाठी डेट्रॉईटला जाऊन अपमानित होऊन परतले, ही हकीकत त्यांचे सहकारी प्रवीण काडले यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आहे. व्यवसाय विकला नाही. दोष एकेक करून काढले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही टू आली. तिने धंदा सावरला.

डिसेंबर २००२ मध्ये टाटा आणि एमजी रोव्हर यांचा करार झाला. पाच वर्षांत एक लाख गाड्या पाठवायचे ठरले. २००३ च्या शेवटी ‘सिटीरोव्हर’ ब्रिटनमध्ये विकायला आली. इंडिकाच ती. इंजिन १.४ लिटरचे पेट्रोलचे, बंपर वेगळे, उंची थोडी कमी केलेली, नाकावर रोव्हरचे जहाजाचे बोधचिन्ह. भारतात ती परवडणारी, पाच माणसे ऐसपैस बसवणारी, खेड्यातल्या रस्त्यावर टिकणारी गाडी होती आणि त्या कामात खरोखर चांगली होती. ब्रिटनमध्ये तिची किंमत ६,४९५ पौंडांपासून सुरू होऊन पुढे नऊ हजारांच्या जवळ जाई. तेवढ्या पैशांत फियाटची नवी पांडा मिळत होती, जिने २००४ चा युरोपातला पुरस्कार जिंकला. आतले प्लास्टिक, सुरक्षेची साधने, गिअरची हालचाल, सगळीकडे तुलना होऊ लागली. ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमाला कंपनीने चाचणीसाठी गाडी नाकारली, तेव्हा त्याचा सूत्रसंचालक जेम्स मे छुपा कॅमेरा घेऊन विक्रेत्याकडे गेला. पुढे जे प्रसारित झाले त्याने उरलीसुरली अब्रू गेली.

पिंपरीच्या कामगारांना मी यात दोष देणार नाही. त्यांनी ठरल्या किमतीत ठरली गाडी दिली. ती स्वस्तात घेऊन महाग विकण्याचा आणि मधल्या पैशावर जगण्याचा निर्णय बर्मिंगहॅममध्ये झाला. त्याच सुमारास कंपनीने एका महागड्या स्पोर्ट्स कारवर पैसा घातला, जिच्या मोजक्याच गाड्या बनल्या. आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशीच्या अहवालात दिसले की कंपनीच्या पाच प्रमुखांनी मिळून पगार आणि निवृत्तिवेतनापोटी ४ कोटी २० लाख पौंड घेतले होते. बुडणाऱ्या कारखान्याच्या माथी हा आकडा मला आजही अक्षम्य वाटतो.

शांघायच्या एसएआयसीने रोव्हरच्या काही नमुन्यांचे हक्क आधीच विकत घेतले होते. पूर्ण भागीदारीच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. सहा हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतले, कँटीनमधले, कोपऱ्यावरच्या दुकानांतले वेगळे. डिचोली तालुक्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा टिप्पर अंगणात उभे राहिले, आणि पाठोपाठ गॅरेजवाला, टायरवाला, खानावळवाला, बँकेचा हप्ता भरणारा ट्रकमालक, सगळेच अडचणीत आले. एकाच दारावर सगळ्या गावाची चूल अवलंबून असली की काय होते, ते लाँगब्रिजने आणि डिचोलीने सारखेच भोगले आहे.

कारखान्यातली यंत्रे नानजिंगच्या कंपनीने घेतली, पुढे ती कंपनी एसएआयसीत विलीन झाली. एमजीचे नाव असे चीनला गेले आणि तिथून २०१९ मध्ये गुजरातेतील हालोलच्या कारखान्यातून आपल्या रस्त्यावर आले. रोव्हर हे नाव मात्र चीनला मिळाले नाही. ते फोर्डने घेऊन ठेवले, कारण लँड रोव्हरला त्याची जवळीक होती. आणि जून २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलर्सना विकत घेतल्या तेव्हा त्या सौद्यात रोव्हर हे नावही आले.

त्यानंतर टाटांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. खरेदीनंतर काही महिन्यांतच जगभर मंदी आली. कर्ज डोक्यावर, विक्री कोसळलेली. तरीही नव्या गाड्यांचे काम थांबवले नाही. २०११ मध्ये रेंज रोव्हर इव्होक आली आणि तिने कंपनीचा हिशेब फिरवला. २०१४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला नवा इंजिन कारखाना उघडला. पुण्यात २०११ पासून लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणीही पुण्यात करण्याचे जाहीर झाले. ब्रिटनबाहेर ती प्रथमच होत होती.

याच साखळीचा एक दुवा आपल्या अगदी जवळ आहे. साखळीहून वाळपईकडे जाताना सत्तरीच्या हद्दीत भुईपाल येथे ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा हा कारखाना लागतो. टेल्को आणि गोव्याचे आर्थिक विकास महामंडळ यांनी तो १९८० मध्ये संयुक्तपणे स्थापन केला. तिथे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढतात आणि टाटाच्या चासीवर बसची बॉडी बांधतात. तिथल्या बस परदेशीही जातात. खाणीच्या पट्ट्याला लागून असूनही खनिजावर न जगणारा, हाताच्या कसबावर चालणारा असा हा उद्योग आहे. पेडण्यात तुये येथे आणि मोपाच्या परिसरात नवे उद्योग आणण्याची चर्चा सतत होत असते. येणारी कंपनी किती नोकऱ्या देणार, एवढाच प्रश्न ग्रामसभांत विचारला जातो. माझी विनंती आहे की आयटीआयत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत: साचे इथे घडणार आहेत का, आणि ते घडवायला आमच्या मुलांना कोण शिकवणार?